कपड्यात माया किती ठेवली आहे?

पुण्यात नोकरी करणाऱ्या एका वाचक भगिनींनी विचारले आहे की, निसर्गाला आणि कारागिरांना कमीत कमी त्रास होईल असे कपडे वापरावेत असे मनापासून वाटते. परंतु तशी जाहिरात करणाऱ्या दुकानांतला कुर्ता नेहमीच्या तिप्पट किमतीला पडतो, घरातले कपाट आधीच ओसंडून वाहते आहे, आणि खादी, हातमाग, सेंद्रिय कापूस, बांबूचे कापड यांत खरे काय व खोटे काय हे कळत नाही. अशा वेळी सुरुवात कोठून करावी? पत्राच्या शेवटी त्यांनी आपल्या सासूबाईंच्या जुन्या पैठणीविषयीही विचारले आहे. त्याचे उत्तर मी अखेरीस देते.

मी २६ वर्षे शिवणकामाच्या धंद्यात आहे. पहिली काही वर्षे तयार कपड्यांच्या एका कारखान्यात कटिंग विभागात होते आणि नंतर स्वतःचे लहानसे शिवणघर काढले, जेथे आता नव्या शिलाईपेक्षा दुरुस्तीचे आणि अल्टरेशनचे काम अधिक येते. त्या अनुभवावरून माझे पहिले सांगणे असे की, आपण सध्या नवीन काहीही विकत घेऊ नये, ‘पर्यावरणपूरक’ असा बिल्ला लावलेले तर मुळीच नाही. जे कापड पिकवून, कातून, विणून, रंगवून आपल्या कपाटात येऊन पडले आहे, त्याचे पाणी, वीज आणि मजुरी खर्च होऊन गेली आहे. तो कपडा दोन वर्षांऐवजी सहा वर्षे अंगावर राहिला, तर तेवढ्या काळात नवा कपडा जन्माला घालण्याची गरज उरत नाही. याहून मोठी बचत कोणत्याही प्रमाणपत्राने होत नाही.

कपडे टाकून का दिले जातात, याविषयी लोकांची समजूत आणि माझ्या टेबलावरचा अनुभव यांत बरेच अंतर आहे. विरून, फाटून गेलेले कपडे लोक क्वचितच टाकतात. ते घरात फडके म्हणून राहतात. बाहेर जातात ते चांगले कपडे: मुंढ्यात काचणारा ब्लाऊज, चेन बिघडलेली पँट, पोटावर ताणला जाणारा कुर्ता, उंची कमी पडलेला मुलीचा फ्रॉक. यांतले बहुतेक कपडे अर्ध्या तासाच्या कामाने पुन्हा अंगावर येऊ शकतात, पण ते शिवतानाच तशी सोय ठेवलेली असेल तर.

ती सोय म्हणजे माया. शिलाईच्या आत दुमडून ठेवलेल्या जादा कापडाला आम्ही शिवणकाम करणारे माया म्हणतो. हा शब्द कोणी योजला ते ठाऊक नाही, पण त्याला तोड नाही. आपल्या घरच्या शिंप्याने शिवलेला एखादा जुना ब्लाऊज उलटा करून पाहावा. बगलेखालच्या शिलाईत इंच-दीड इंच कापड आत दुमडलेले दिसेल आणि त्यावर पाव-पाव इंच अंतराने दोन-तीन समांतर टिपा मारलेल्या दिसतील. अंग भरले की एक टीप उसवायची, बारीक झाले की पुन्हा मारायची. असा ब्लाऊज बाळंतपणाच्या आधी, नंतर आणि पुढे दहा वर्षांनीही त्याच बाईच्या अंगावर बसतो. आता तयार घेतलेला एखादा स्वस्त कुर्ता उलटा करावा. तेथे जेमतेम एक सेंटिमीटर कापड असते आणि तेही ओव्हरलॉक यंत्राने कडा कापून दोऱ्याने बंद केलेले असते. तो कुर्ता बांधून आला तेव्हाच त्याचे आयुष्य ठरून गेलेले असते.

हे कसे घडते ते मी कटिंग टेबलावर उभी राहून पाहिले आहे. कापडाचे शंभर-शंभर थर एकावर एक अंथरायचे, वर आकृत्यांचा कागद, म्हणजे मार्कर, ठेवायचा आणि कापणी यंत्र फिरवायचे. प्रत्येक शिलाईतून पाव इंच काढले तर आकृत्या एकमेकींजवळ सरकतात आणि एका थानातून काही नग जास्त निघतात. मी जेथे काम करत असे, तेथे एका दिवाळीच्या हंगामात बाजूची माया अर्ध्या इंचावरून पाव इंचावर आणण्याचा निरोप वरून आला. मी विरोध केला, कारण तेवढ्या मायेवर सुती कापडाची शिलाई चार धुण्यांत सरकते. उत्तर असे मिळाले की चार धुण्यांनंतर ग्राहकाने नवा घ्यावा. त्या वर्षी तोच माल ‘निसर्गस्नेही सुती संग्रह’ या चिठ्ठीने बाजारात गेला. कापूस खराच होता, तेवढेच.

म्हणून कपाट उघडल्यावर कपडे रंगांप्रमाणे किंवा ‘आनंद देतो की नाही’ अशा कसोटीने न लावता ते उलटे करून पाहावेत. माया आहे का, शिलाईचे टाके जवळ-जवळ आहेत का, खालची पट्टी दोन बोटे तरी आहे का, काज सुटले आहेत का, आसनाजवळ कापड विरळ झाले आहे का. ज्यांत माया आहे आणि जे केवळ घट्ट किंवा ढगळ झाले आहेत, ते एका पिशवीत घालून शिंप्याकडे न्यावेत. एकेक न नेता सात-आठ एकदम नेल्यास तो कामाकडे गांभीर्याने पाहतो, आणि गणपती ते दिवाळी हा काळ टाळल्यास वेळही देतो. श्रावणाच्या आधी जावे. दुरुस्तीच्या पैशावरून घासाघीस करू नये, ही माझी धंद्यातील विनंती समजावी. उसवण्याचे काम शिवण्याहून किचकट असते आणि गिऱ्हाईक मात्र ‘नुसती एक टीप तर मारायची आहे’ म्हणत असते.

जीन्सविषयी एक सूचना वेगळी द्यावीशी वाटते, कारण ती प्रत्येक घरात असते. मांड्यांच्या आतल्या बाजूला कापड पांढुरके, जाळीदार दिसू लागले की भोक पडण्याची वाट न पाहता आतून मऊ सुती कापडाचा तुकडा लावून यंत्राने जवळ-जवळ धावत्या टिपा माराव्यात. भोक पडल्यानंतरचे ठिगळ दिसते. आधीचे दिसत नाही आणि दोन-तीन वर्षे काढते. ताणली जाणारी जीन्स मात्र एवढी साथ देत नाही, कारण तिच्यातला इलॅस्टेनचा रबरासारखा धागा उष्णतेने आणि उन्हाने मरतो, मग गुडघ्यांवर फुगे येतात आणि त्याला उपाय नसतो.

आपल्याकडे कापड पुरवून वापरण्याची जी रीत होती, ती मी गरिबीचे कौतुक म्हणून सांगत नाही, एक तंत्र म्हणून सांगते. नऊवारी लुगडे बसण्या-उठण्याने मधोमध विरते. काठाकडचा, पदराकडचा भाग मात्र धड राहतो. तेव्हा विरलेला पट्टा आडवा कापून काढत आणि दोन्ही बाजूंचे धड तुकडे शिवून जोडत. याला दंड घालणे म्हणत. जोडाची शिवण अशी घेत की तिची गाठ अंगाला टोचू नये, आणि नेसताना ती निऱ्यांच्या आत लपावी. दंड घातलेले लुगडे आणखी काही वर्षे चाले, मग ते जुनेर होई, जुनेराची झबली आणि दुपटी होत, आणि उरलेसुरले सगळे गोधडीत जाई, जेथे धावदोऱ्याच्या हजारो टाक्यांनी विरलेल्या कापडाचे चार-पाच थर मिळून पुन्हा एक दणकट वस्त्र तयार होई. यातील प्रत्येक पायरी शक्य होती ती एकाच कारणाने: कापड आरंभापासून अखेरपर्यंत एकाच जातीचे, निव्वळ सुती होते. आजच्या सुती-पॉलिस्टर-इलॅस्टेनच्या मिश्र कापडाची गोधडी निव्वळ सुती गोधडीसारखा घाम टिपत नाही. त्याचे धागे वेगळे करून पुन्हा कातणेही फार अवघड असते.

आता धाग्यांकडे वळते, कारण खरी दिशाभूल येथे होते. जगात तयार होणाऱ्या एकूण तंतूंपैकी निम्म्याहून अधिक पॉलिस्टर आहे, आणि ते खनिज तेलापासून बनते. ते टिकते, सुरकुतत नाही, स्वस्त पडते. पण धुताना त्याचे सूक्ष्म तंतू पाण्यात सुटतात आणि ते कुजत नाहीत. तरीही घरात असलेले पॉलिस्टर फेकून सुती घेणे हा उलटा व्यवहार आहे. आहे ते वापरावे, कमी वेळा धुवावे, थंड पाण्यात धुवावे आणि नवे घेताना टाळावे.

कापूस मात्र निर्दोष आहे असेही नाही. एक किलो सुती कापडाला १०,००० लिटर पाणी लागते, असा जो आकडा सर्वत्र फिरतो, ती जागतिक सरासरी आहे. विदर्भातला बहुतांश कापूस कोरडवाहू आहे, म्हणजे त्याला लागणारे पाणी पावसाचे असते, कालव्याचे नव्हे. आपल्या कापसाचा प्रश्न पाण्यापेक्षा फवारणीचा आहे. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर कीटकनाशक फवारताना विषबाधा होऊन २० हून अधिक शेतकरी आणि शेतमजूर मृत्युमुखी पडले आणि शेकडो रुग्णालयात दाखल झाले. उंच वाढलेल्या कपाशीत, मुखवट्याशिवाय, पाठीवर पंप घेऊन केलेली ती फवारणी होती. ‘शंभर टक्के कॉटन’ एवढीच चिठ्ठी पाहून मन शांत करणाऱ्यांना मी हे नेहमी सांगते.

मग सेंद्रिय कापूस घ्यावा काय? तो खरा असेल तर अवश्य घ्यावा. पण २०२० साली जीओटीएस या सेंद्रिय कापडाच्या जागतिक मानकाच्या संस्थेनेच जाहीर केले की भारतात सुमारे २०,००० टन कापूस खोट्या कागदपत्रांच्या आधारे सेंद्रिय म्हणून दाखवला गेला होता. याचा अर्थ प्रमाणपत्रे निरर्थक आहेत असा मी काढत नाही, कारण चोरी पकडणारी यंत्रणाही तीच होती. अर्थ एवढाच की चिठ्ठीवर नुसते ‘ऑरगॅनिक’ छापलेले पुरेसे नाही. परवाना क्रमांक असावा आणि विक्रेत्याला कापूस कोणत्या भागातला, सूत कोठले, विणले कोठे, हे सांगता यावे. ज्याला यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर देता येत नाही, त्याच्याकडून जादा पैसे देऊन घेऊ नये.

बांबूच्या कापडाविषयी थोडक्यात: बाजारात मिळणारे मऊ, झुळझुळीत बांबूचे कापड हे बहुधा व्हिस्कोस असते. लाकडाचा किंवा बांबूचा लगदा रसायनांत विरघळवून त्याचा धागा ओढतात, आणि त्यात वापरले जाणारे कार्बन डायसल्फाइड कामगारांच्या मज्जासंस्थेला घातक आहे. नैसर्गिक रंगांचेही तसेच. मंजिष्ठा, नीळ, डाळिंबाची साल ही नावे गोड आहेत, पण रंग पक्का करण्यासाठी तुरटी वापरली की क्रोमियमचे क्षार, यावर त्या रंगाचा सोज्वळपणा अवलंबून आहे. आणि रंगाईच्या सांडपाण्याचे काय होते ते पाहायचे असेल तर तमिळनाडूतील तिरुप्पूरचे उदाहरण पुरे: नोय्यल नदी इतकी नासली की २०११ साली मद्रास उच्च न्यायालयाला तेथील रंगाईचे कारखाने बंद करण्याचा आदेश द्यावा लागला. आपल्या इचलकरंजीत पंचगंगेची रड अजून चालूच आहे.

घरी कापड ओळखण्याची एक जुनी परीक्षा आहे. मायेतून चार धागे ओढून, चिमट्यात धरून, पाण्याच्या भांड्यावर काडीने पेटवावेत. सुती धागा कागदासारखा जळतो आणि मागे बोटांनी चुरगळणारी मऊ राखाडी राख राहते. रेशीम आणि लोकर जळताना केस जळाल्याचा वास येतो आणि काळा, ठिसूळ मणी होतो. पॉलिस्टर वितळून आकसते आणि काचेसारखा कडक गोळा उरतो, जो नखाने फुटत नाही. व्हिस्कोसही कागदासारखेच जळते, त्यामुळे सुती आणि व्हिस्कोस यांत या परीक्षेने फरक कळत नाही. तेथे ओले करून पाहावे. व्हिस्कोसचा धागा ओला झाला की दुबळा होतो आणि सहज तुटतो, सुती धागा ओला झाला की उलट अधिक बळकट होतो. हे धोबी पूर्वीपासून जाणतात.

माणसांचा प्रश्न याहून अवघड आहे, कारण त्याची परीक्षा काडी पेटवून घेता येत नाही. २४ एप्रिल २०१३ रोजी ढाक्याजवळच्या साभार येथे राणा प्लाझा ही आठ मजली इमारत कोसळली आणि १,१०० हून अधिक माणसे गेली. आदल्या दिवशी भिंतींना तडे गेलेले दिसले होते. खालच्या मजल्यावरची बँक आणि दुकाने बंद ठेवण्यात आली, आणि वरच्या मजल्यांवरच्या शिवण कामगारांना मात्र दुसऱ्या दिवशी कामावर बोलावण्यात आले. ढिगाऱ्यात ज्या चिठ्ठ्या सापडल्या त्यांत युरोपातील नामवंत दुकानांच्याही होत्या. म्हणजे महाग कपडा हा न्याय्य कपडा असतोच असे नाही. परंतु अतिस्वस्त कपडा न्याय्य असूच शकत नाही, हे साध्या बेरजेने कळते. २९९ रुपयांचा कुर्ता घरपोच आला, तर त्यातून अडीच मीटर कापड, कापणी, काज-बटण, इस्त्री, पिशवी, वाहतूक, विक्रेत्याचे कमिशन आणि परत आलेल्या नगांचा तोटा आपल्याच हाताने वजा करून पाहावा, आणि शिलाई मारणाऱ्या बाईसाठी काय उरते ते पाहावे. ती बाई नगावर काम करते. तिला सुट्टी घेतली की मजुरी नाही.

यावर माझा व्यवहारी उपाय असा की कापड घेऊन ओळखीच्या शिंप्याकडून शिवून घ्यावे. त्यात तीन गोष्टी साधतात: शिलाईचे पैसे कोणाच्या हातात गेले ते आपल्याला दिसते, माया किती ठेवायची ते आपण सांगू शकतो, आणि उरलेली कतरण परत मागता येते. कतरण जरूर मागावी. पुढे बगलेत कळी घालायला किंवा कोपराला तुकडा लावायला त्याच रंगाचे कापड दुसरीकडे कोठे मिळणार?

हातमागाचे कापड घ्यावे का, तर घ्यावे, आणि विचारपूर्वक घ्यावे. २०१९-२० च्या हातमाग गणनेनुसार देशात ३५ लाखांहून अधिक माणसे या कामात आहेत आणि त्यांत बहुसंख्य स्त्रिया आहेत. हातमागाला वीज लागत नाही, हा लाभ आहेच; पण त्याहून मोठी गोष्ट ही की तो पैसा गावात राहतो. मात्र हातमागाच्या नावावर यंत्रमागाचा माल सर्रास विकला जातो. आजकाल ‘खणाची साडी’ म्हणून जे विकले जाते त्यातले पुष्कळसे यंत्रमागावरचे पॉलिस्टर आहे. बागलकोट जिल्ह्यातल्या गुळेदगुड्डचा पारंपरिक खण हा मुळात चोळीसाठी विणलेला, अरुंद पन्ह्याचा असे. यंत्रमागाचे कापड घेऊ नये असे मी म्हणत नाही. सोलापूर, इचलकरंजी, मालेगाव, भिवंडी येथेही माणसेच राबतात. फक्त ते हातमागाचे म्हणून आणि हातमागाच्या किमतीला घेऊ नये. सरकारचे हातमाग चिन्ह आणि रेशमासाठी सिल्क मार्क पाहावे, आणि कापडाचा काठ उन्हाकडे धरावा: हातमागावर कापड ताणून धरणाऱ्या पट्टीच्या टोकांनी काठालगत बारीक छिद्रांची ओळ बऱ्याचदा उमटलेली असते.

जे कपडे खरोखर नकोत, ते ‘दान’ करण्यापूर्वी थोडे थांबावे. बटण तुटलेला, डाग पडलेला शर्ट आपण घालणार नाही आणि अनाथाश्रमातील मुलानेही घालू नये. धुऊन, दुरुस्त करूनच द्यावा. पुण्या-मुंबईत आता क्वचितच येणारी बोहारीण ही या बाबतीत आपल्या सर्वांहून जाणकार असते. स्टीलच्या एका पातेल्यासाठी ती साडीचा पदर उजेडाकडे धरून विरलेली जागा शोधते, पँटची चेन वर-खाली करून पाहते, आणि नाकारलेला कपडा आपल्याच हातात परत ठेवते. तिचा माल धुऊन, शिवून, इस्त्री करून जुन्या बाजारात जातो आणि पुन्हा अंगावर येतो. जे अंगावर येण्यासारखे नाही, त्यातले लोकरीचे आणि विणलेले कपडे हरियाणातील पानिपतला जातात, जेथे ते पिंजून पुन्हा सूत आणि त्याची स्वस्त ब्लँकेटे होतात. बोहारणीशी फार घासाघीस करू नये. आपण ज्याला अडगळ म्हणतो त्यावर पुढे तीन-चार घरांचे पोट असते.

शेवटी सासूबाईंची पैठणी. ती कापून ड्रेस शिवावा का, असे आपण विचारता. आधी ती पांढऱ्या चादरीवर पूर्ण उलगडावी आणि घड्यांच्या रेषांवर हलक्या हाताने अंगठा फिरवावा. रेशीम तेथे सरळ रेषेत चिरत असेल, तर त्या कापडाला ड्रेसच्या शिलाईचा ताण सोसणार नाही; मुंढ्याशी आणि बसताना मागे ते पहिल्याच दिवशी फाटेल आणि साडीही जाईल, ड्रेसही जाईल. घड्यांवरच चीर असून मधले कापड खणखणीत असेल, तर फाटलेल्या रेषेमागे मऊ मलमल किंवा पातळ रेशमी कापड लावून हाताने रफू करणारा कारागीर शोधावा. यंत्राची टीप मारू देऊ नये, कारण सुईची ओळ म्हणजे पुढच्या चिरीची जागा. अंगच सगळे जिरले असेल, तर काठ आणि पदर उसवून घ्यावेत. पदराची उलट बाजू पाहावी: हातविणीच्या पैठणीत मोर आणि वेल दोन्ही बाजूंनी जवळपास सारखे दिसतात, कारण प्रत्येक रंगाची कांडी नक्षीपुरतीच फिरवून शेजारच्या धाग्यात अडकवलेली असते. तसा पदर असेल, तर तो नव्या सुती-रेशमी अंगावर बसवून देणारे कारागीर येवल्यात आणि पुण्यातही आहेत. बसवताना त्यांना सांगून काठाच्या आत अर्धा इंच माया ठेवून घ्यावी. तोवर ती साडी हँगरला न लावता धुतलेल्या मांजरपाटात गुंडाळून ठेवावी, दर तीन-चार महिन्यांनी घडी बदलावी, आणि डांबराच्या गोळ्या जरीजवळ ठेवू नयेत.